हेडलाईटचा बल्ब : निवड, बदली आणि निगा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. यावेळचा विषय पाहून कुणी म्हणेल, ऊस विकास विभागाला मोटारीच्या दिव्यांचे काय पडले आहे? पण गळीत हंगाम हा अर्धा रात्रीचाच धंदा आहे. तोडणी उजेडात होते, वाहतूक मात्र रात्रभर चालते. आज पुष्कळ सभासदांच्या दारात जीप, पिकअप किंवा मोटार उभी आहे, मोटारसायकल तर घरोघरी आहे. गाडी शेतात अडकली, ट्रॉली उलटली, काट्यावर काही घोटाळा झाला, की मध्यरात्री उठून निघावे लागते. अशा वेळी आपला जीव ज्या वस्तूवर अवलंबून असतो ती मुठीत मावणारी असते, आणि तिच्याकडे आपण ती विझेपर्यंत बघतही नाही. आम्हीही बघितले नव्हते. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो.

सन २०१८ च्या डिसेंबरात आमच्या एका फिल्डमनच्या पाहुण्यांकडे, महाड तालुक्यातील तळीये गावी, कार्यासाठी आम्ही चौघेजण जीपने गेलो होतो. वरंध घाट उतरून जायचे आणि अंधार पडायच्या आत परत घाट चढायचा, असे ठरले होते. पण कोकणातला पाहुणचार, जेवल्याशिवाय सोडतात थोडेच! निघायला रात्रीचे आठ वाजून गेले. यजमान वयाने मोठे. त्यांनी निघताना हातात एक बॅटरी दिली. म्हणाले, "साहेब, घाट आहे, असू द्या जवळ. पुढल्या खेपेस आणून द्या."

त्याच्या आठवडाभर आधी आम्ही जीपला जादा वॅटचे बल्ब बसवून घेतले होते. मूळचे ६०/५५ वॅटचे काढून १००/९० चे घातले. बसवणाऱ्याने सांगितले, "दिवसासारखा उजेड पडेल." पडलाही. पण घाटाच्या पहिल्याच वळणांत डावा दिवा गेला. एका दिव्यावर थोडे वर चढलो, तोच प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि उजवाही गेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये आम्ही. यजमानांच्या बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडून पाहिले, तर उजव्या होल्डरचे प्लास्टिक वितळून पिना सुटल्या होत्या.

अर्ध्या तासाने एक पिकअप आली. चालकाने न विचारता गाडी कडेला घेतली. त्याच्याकडे ६०/५५ चा एक बल्ब शिल्लक होता. डावा होल्डर तांबूस झाला होता, पण शाबूत होता. त्यात तो बल्ब बसवला आणि एका दिव्यावर, त्याच्या गाडीमागून, वाघजाईच्या देवळापर्यंत आलो. पैसे देऊ केले तर म्हणाला, "राहू द्या. पुढं कुणाचा गेला तर त्याला द्या." तेव्हापासून आमच्या जीपमध्ये दोन बल्ब कायम असतात, आणि या विषयाची माहिती आम्ही मन लावून करून घेतली. तीच खाली देत आहोत.

१) कोणता बल्ब घ्यावा?

दुकानात जाऊन "हेडलाईटचा बल्ब द्या" एवढेच म्हणू नये. जुना बल्ब काढून सोबत न्यावा किंवा गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पाहावी. बल्बच्या धातूच्या बुडावर तीन गोष्टी कोरलेल्या असतात : जात, व्होल्ट आणि वॅट. उदाहरणार्थ, 'एच४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट'.

एच४ जातीच्या एकाच बल्बात दोन तारा असतात. ६० वॅटची तार अपरसाठी, ५५ वॅटची डिपरसाठी. पुष्कळ जीपगाड्या, मोटारी आणि ट्रॅक्टर यांत हाच असतो. एच७ आणि एच१ या जातींत एकच ५५ वॅटची तार असते, म्हणून त्या गाड्यांत अपर आणि डिपरचे बल्ब वेगवेगळे असतात. मोटारसायकलीला बहुधा ३५/३५ वॅटचा बल्ब लागतो. मालट्रकची वीजव्यवस्था सहसा २४ व्होल्टची असते. तिथला ७५/७० वॅटचा एच४ दिसायला हुबेहूब सारखा, पण १२ व्होल्टच्या गाडीत तो मिणमिणतो. उलट, १२ व्होल्टचा बल्ब २४ व्होल्टवर लावला तर तत्काळ जळतो. तेव्हा दिसण्यावर जाऊ नये, बुडावरचे आकडे वाचावेत.

निळसर काचेचे 'पांढऱ्या उजेडाचे' बल्बही बाजारात मिळतात. काचेवरचा निळा थर तारेच्या उजेडातला पिवळा-तांबडा भाग अडवतो. म्हणजे उजेड पांढरा दिसतो, पण वाढत नाही. पावसात साधा बल्बच बरा.

अलीकडच्या काही मोटारींत कारखान्यातूनच एलईडी दिवे बसवलेले असतात. त्यांत पुष्कळदा बदलण्याजोगा बल्बच नसतो. तिथे घरी खटपट न करता जाणत्या कारागिराकडेच जावे.

२) हॅलोजन बल्ब जळतो कसा?

जुन्या साध्या बल्बात टंगस्टनची तार तापून तिचे कण उडत आणि काच आतून काळी पडे. हॅलोजन बल्बात आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या वायूचा अंश असतो. तो उडालेले कण पकडून पुन्हा तारेकडे आणून सोडतो. त्यामुळे तार जास्त तापवता येते, उजेड वाढतो आणि काच स्वच्छ राहते. युरोपात मोटारींसाठी पहिला हॅलोजन बल्ब, एच१, १९६२ मध्ये आला. दोन तारांचा एच४ १९७१ मध्ये आला. इतक्या वर्षांनीही तो आपल्या रस्त्यांवर टिकून आहे.

ही फेरी चालू राहण्यासाठी काच फार तापलेली लागते, म्हणून ती साधी नसून क्वार्ट्झची असते. तिला उघड्या बोटाने हात लावू नये. घामातले मीठ आणि तेल काचेवर राहते, बल्ब तापला की तेवढाच भाग भाजतो आणि काच तिथे कमजोर होते. हात लागलाच तर स्पिरिटच्या स्वच्छ फडक्याने पुसून, वाळवून मगच बसवावा. बेणे हाताळताना आपण डोळ्याला धक्का लागू देत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

३) वॅट वाढवावेत का?

वाढवू नयेत. हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, दोन मिळून १०. शंभर वॅटचे दोन बल्ब १६ अँपिअरहून जास्त ओढतात. गाडीची तार, स्विच, फ्यूज आणि होल्डर हे सगळे पहिल्या हिशेबाने बनवलेले असतात. जादा प्रवाहाने ते तापतात, प्लास्टिक वितळते, प्रसंगी वायरिंग पेटते. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे हा तर आगीला दिलेला आवतणाचा अक्षता-तांदूळच.

नत्राची मात्रा दुप्पट केली म्हणून उतारा दुप्पट येत नाही, उलट ऊस लोळतो. इथेही तेच. चांगल्या नव्या एच४ बल्बचा उजेड अपरला सुमारे १६५० आणि डिपरला सुमारे १००० ल्युमेन असतो. तेवढा सगळा रस्त्यावर पडला तर पुरेसा होतो. आपला उजेड कमी वाटतो त्याचे कारण बहुधा बल्बात नसून दुसरीकडे असते. पिवळी पडलेली काच, विटलेला परावर्तक, गंजलेली अर्थिंग, सैल टर्मिनल, ही नेहमीची कारणे. बल्बाला पोचणारा दाब १० टक्क्यांनी घटला तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. तेव्हा आधी अर्थिंगची जागा पॉलिश कागदाने घासून पाहावी. त्याला खर्च काहीच नाही.

४) साध्या दिव्यात एलईडी बसवावा का?

हल्ली एच४ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब सर्रास विकले जातात. हेडलाईटचा आरसा तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत एका रेषेच्या वर जात नाही. एलईडीच्या चिपा त्या जागी तंतोतंत नसल्या की ही रेषा बिघडते. आपल्याला समोर लख्ख दिसते, आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला रस्ता दिसेनासा झाला तर तो आपल्याच अंगावर येणार, हे विसरू नये. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करणे मोटार वाहन कायदा, १९८८ यालाही धरून नाही. तेव्हा ज्या दिव्यात हॅलोजन होता त्यात हॅलोजनच ठेवावा.

५) बदलण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन आणि दिवे बंद करावेत. बल्ब नुकताच जळत असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर बोट पोळते.

बॉनेट उघडून दिव्याच्या मागे जावे. तीन पिनांचा होल्डर सरळ मागे ओढावा, तार धरून ओढू नये. मग रबरी टोपी काढावी. आत तारेची क्लिप असते, ती दाबून बाजूला करावी. बल्ब कसा बसला आहे ते नीट पाहून ठेवावे आणि मग काढावा.

नवा बल्ब बुडाला धरून, काचेला हात न लावता आत सोडावा. एच४ च्या बुडाला तीन कान असतात, ते एकाच रीतीने बसतात. जोर लावावा लागत असेल तर बल्ब फिरलेला आहे असे समजावे. क्लिप लावावी, टोपी घट्ट बसवावी. टोपी सैल राहिली की पाणी आत जाऊन आरसा खराब होतो, आणि आरशाचा खर्च बल्बाच्या कितीतरी पट असतो. होल्डर लावून अपर-डिपर दोन्ही पाहावे.

एक गेला की दोन्ही बदलावेत हे उत्तम. एका सरीत नवी लागण आणि शेजारी चौथा खोडवा, असे दोन दिवे बरे नव्हेत. जोडीतला दुसरा बल्बही तेवढाच जळलेला असतो, तो फार दिवस थांबत नाही. काढलेला चालू बल्ब फेकू नये. डबीत कापडात गुंडाळून गाडीतच ठेवावा, अडचणीला तोच धावून येतो.

६) झोताची उंची

बल्ब बदलला की झोत तपासावा. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटर दूर, भिंतीकडे तोंड करून उभी करावी. टायरमध्ये हवा बरोबर असावी, चालकाच्या जागी एक माणूस बसवावा. जमिनीपासून हेडलाईटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ मारावी आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. डिपर लावला असता उजेडाची वरची कड साधारण दुसऱ्या रेघेवर यावी. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करण्याचा, दुसरा डावी-उजवीकडचा. थोडेथोडे फिरवून जुळवावे.

आपल्याकडे वाहने डावीकडून जातात, म्हणून डिपरच्या झोताची कड डावीकडे वर चढते. त्यामुळे साईडपट्टी आणि पायी चालणारा माणूस दिसतो, पण समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. भिंतीवर ही चढण उजवीकडे दिसली तर तो दिवा परदेशी वाहतुकीसाठी बनलेला आहे. तो आपल्या कामाचा नाही.

मागे माल भरला की गाडीचे तोंड वर होते आणि झोत आभाळाला लागतो. ज्या गाडीत झोत खाली करण्याचे बटण आहे तिथे ते वापरावे. एका आसाच्या ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येऊन हेच घडते. म्हणून ट्रॅक्टरचा झोत भरल्या ट्रॉलीसह तपासावा.

७) बल्ब वारंवार का जातो?

दोन महिन्यांत दोन बल्ब गेले तर दुकानदाराला दोष देण्याआधी दाब मोजावा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. नेमलेल्यापेक्षा दाब ५ टक्क्यांनी जरी चढला तरी बल्बाचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. तसे असेल तर रेग्युलेटर दाखवावा. सैल होल्डर, सैल क्लिप आणि शेतरस्त्याचे हादरे हीही कारणे असतात.

दोन्ही दिवे एकदम गेले तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. एकच गेला तर बल्ब, होल्डर, अर्थिंग या क्रमाने जावे.

८) घाट, धुके आणि पाऊस

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ ते १७ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरच्या आसपास, आणि डिपरचा उपयोगी उजेडही साधारण तेवढाच. ओल्या रस्त्यावर हिशेब जमत नाही. ताशी ४० वर हेच अंतर ३० मीटरच्या आत येते. उजेड जेवढा तेवढाच वेग, हा नियम पाळावा.

धुक्यात अपर लावला की पाण्याच्या थेंबांवरून उजेड परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे डिपरच लावावा.

आणि हेही मान्य केले पाहिजे की चांगला दिवाही सर्व काही दाखवत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. मुसळधार पावसात दोन एसटी बसगाड्या आणि काही प्रवासी वाहून गेले. चालकांचा त्यात काय दोष? पुढचा रस्ता नाहीसा झाला आहे, हे कोणता दिवा सांगणार? म्हणून पुराच्या पावसात रात्रीचा प्रवास टाळता येत असेल तर टाळावा. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद करतात, तो आपल्याच भल्यासाठी.

९) मागचा दिवा

पुढच्या दिव्याबद्दल इतके लिहिले, पण हंगामात जास्त घात मागच्या अंधारामुळे होतो. गेल्या हंगामात आपल्याच गटातील एका सभासदाचा मुलगा मोटारसायकलवरून रात्री घरी परतत होता. टायर फुटलेली भरली ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मुलगा वाचला. पाय मात्र अजून नीट टेकवत नाही. ट्रॉलीवाला वाईट माणूस नव्हता. वाढ्यांनी दिवा झाकला गेला होता, एवढेच.

मागचा तांबडा दिवा स्वच्छ हवेत १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. तेव्हा ऊस भरल्यावर चालकाने मागे जाऊन एकदा पाहावे. बाहेर आलेली वाढी कापून दिवा आणि रिफ्लेक्टर मोकळे करावेत. तांबडे फडके रात्री दिसत नाही, तिथे रेडियमची पट्टीच हवी. बैलगाडीला दिवा नसतो, म्हणून तिच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पट्टी लावावीच. गाडी रस्त्यात बंद पडली तर माणसाने मागे चालत जाऊन बॅटरी दाखवावी, दगड मांडून समाधान मानू नये. ते दगडही काम झाल्यावर कुणी उचलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच नवा अपघात घडवतात.

शेवटी, त्या बॅटरीविषयी. ती परत करायची राहूनच गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड पुराच्या पाण्यात होते, मदत पोचायला वेळ लागला. आमचे यजमान दुसऱ्या वाडीतले म्हणून वाचले, पण त्यांची सोयरी माणसे त्यात होती. रस्ते सुरळीत झाल्यावर आम्ही भेटायला गेलो, तेव्हा बॅटरी सोबत नेली होती. त्यांनी ती हातात घेतली, पेटवून पाहिली आणि परत आमच्याच हातात ठेवली. म्हणाले, "तुम्हाला घाट चढायचा आहे. ठेवा तुमच्याजवळच."

ती बॅटरी आजही जीपमध्ये आहे. तिच्याशेजारी डबीत ६०/५५ चे दोन बल्ब आहेत. त्या पिकअपवाल्याने सांगितल्याप्रमाणे त्यांतला एक गेल्या हंगामात वाहनतळाच्या रस्त्यावर एका अनोळखी गाडीवाल्याला दिला, आणि लगेच दुसरा आणून ठेवला.

सभासदांना विनंती की, कारखान्याची मोळी पडण्याआधी एका संध्याकाळी आपली गाडी भिंतीसमोर उभी करून पाहावी. दोन रेघा, एक फडके, एक जादा बल्ब, एवढ्यावर काम होते. काही अडचण आल्यास गट ऑफिसात फिल्डमन किंवा चिटबॉय यांच्याकडे विचारणा करावी. आम्ही जमेल तेवढी मदत करू.

कळावे.

ऊस विकास अधिकारी